तीन पुस्तकं, तीन पानं

१

"इबू यूस, खून झालाय खून!"

झुल्हेल्मी फाटकातूनच ओरडला. यूस्मानियार अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. हा झुल्हेल्मी त्यांच्या हाताखाली शिकला होता, आणि वर्गात डास मेला तरी खून झाला म्हणायची त्याची खोड जुनी होती. आता तो त्याच शाळेत गणित शिकवत होता, डोक्यावरचे केस गेले होते, खोड मात्र जागच्या जागी होती.

"कुणाचा खून, बाळा?"

"काटकोन त्रिकोणाचा! ब्लेडनं कापून नेलाय. हसू नका, इबू. तिन्ही पुस्तकं कापलीत. गणित, साहित्य, इतिहास. प्रत्येकातलं एक-एक पान. आणि दुपारी बैठक आहे!"

आता मात्र इबूंच्या हातातली मिरची हातातच राहिली.

इबू म्हणजे आई, आणि शाळेतली बाईसुद्धा. सागो डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात यूस्मानियारना दोन्ही अर्थांनी तेच नाव होतं. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी गावात कुणाच्या घरी भांडण झालं, कोंबडी चोरीला गेली, की माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. पोलिसापेक्षा इबू बऱ्या. पोलिसाला नाव सांगावं लागतं, इबूंना ते आधीच कळलेलं असतं.

आणि हे तर त्यांच्या शाळेचंच प्रकरण होतं. जन्मभर त्यांनी पाहिलं होतं ते असं, की जाकार्ताहून खोकी यायची, झाकण उघडायचं, जे निघेल ते शिकवायचं. गेल्या वर्षी सरकार पडलं, आणि खाजगी शाळांना पहिल्यांदाच सांगण्यात आलं, तुमची पुस्तकं तुम्ही निवडा. पण वर्ष नेमकं टंचाईचं. कागद सोन्याच्या भावानं विकला जात होता. म्हणून असं ठरलं, की प्रत्येक विषयाचं एकच पुस्तक घ्यायचं, शिक्षकानं ते वर्गात मोठ्यानं वाचायचं, फळ्यावर उतरवायचं. अख्ख्या वर्गाला एक पुस्तक! मग ते कुठलं, याला किती मोल आलं असेल!

निवड समितीच्या अध्यक्षा म्हणून इबूंना मुद्दाम बोलावलं होतं. टेबलावर दोन संच होते, एक जाकार्ताचा गुळगुळीत, एक आपल्याच प्रांतातल्या पादांग शहराच्या एका लहान छापखान्याचा. कौल पादांगकडे झुकला होता. कापली गेली ती नेमकी तीच पुस्तकं.

"दुसऱ्या प्रती मागवू की," इबू डोक्यावर ओढणी घेत म्हणाल्या.

"कुठून? छापखाना बंद पडला गेल्या महिन्यात. ह्या शेवटच्या प्रती होत्या."

२

शाळेच्या ग्रंथालयात पाऊल टाकलं की इबूंना नेहमी तोच वास यायचा: तांदळाची खळ, जुना पुठ्ठा आणि खिडकीबाहेर वाळत घातलेली लवंग. ह्याच खोलीत त्यांनी पहिल्या पगाराच्या आठवड्यात फाटकी पुस्तकं चिकटवली होती. तेव्हा भाऊही होता, रुस्ली, त्याच शाळेत मास्तर. खळ नेहमी जास्त लावायचा आणि पानं एकमेकांना चिकटली की म्हणायचा, "बघ यूस, दोन धडे एकात शिकवून टाकू."

टेबलाशी मुख्याध्यापक स्याहरियाल उभे होते. ते सोलोकचे, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. मूळचे खेळाचे शिक्षक, त्यामुळे पुस्तकांकडे ते पंचासारखे बघत.

"इबू, माझ्यावर संशय घेऊ नका," ते आधीच म्हणाले. "जाकार्ताची पुस्तकं घ्या असं मी उघड म्हणत होतो, ते मान्य. जिल्हा कार्यालय खूश राहतं, कटकट नाही. पण म्हणून मी ब्लेड घेऊन रात्र... छे!"

"मी अजून काही विचारलंच नाही, पाक स्याहरियाल." इबू म्हणजे बाई, तसं पाक म्हणजे सर.

"तेच तर. तुम्ही न विचारता बघता, त्याचीच भीती वाटते."

झुल्हेल्मीनं गणिताचं पुस्तक पुढे केलं. पान अगदी सरळ कापलं होतं, शिवणीला धक्का न लावता. "इथं होता तो धडा. काटकोन त्रिकोण. मातीच्या फरशा मांडून सिद्ध केलेला, इबू. आपल्या घरातल्या फरशा! मी ते पान इतक्यांदा वाचलं की बायको म्हणाली, त्रिकोणाशीच संसार कर. पुस्तक घ्यायचं ते त्या पानासाठी. चोराला कापायचंच होतं तर मागची उत्तरं कापायची. पोरांनी तरी त्याला दुवा दिला असता."

साहित्य शिकवणारी रोस्निदा कोपऱ्यात करवंटीत कावा ओतत होती. कॉफीच्या पानांचा तो काढा इबूंना आवडतो हे तिला ठाऊक होतं. तिशीची पोर, पण बोलणं तोलून-मापून.

"तुझं काय गेलं, रोस?"

"फारसं काही नाही, इबू. चहाच्या मळ्यातल्या मुलीच्या गोष्टीनंतर प्रश्न होते ना, ते. 'योग्य शब्द भरा', 'कोण कोणास म्हणाले.' मागच्या बाजूला म्हशीचं चित्र. मुलांना सुटल्यासारखं होईल."

"गोष्ट राहिली?"

"गोष्ट आहे. पूर्ण आहे."

इबूंनी कावाचा घोट घेतला आणि इतिहासाचं पुस्तक जवळ ओढलं. तो धडा होता जाकार्ताविरुद्धच्या अठ्ठावन्न सालच्या बंडाचा. चाळीस वर्षं कुठल्याही शाळेच्या पुस्तकात हे बंड दोन ओळींपेक्षा जास्त कधी आलं नव्हतं. गावातली तरुण माणसं जंगलात गेली होती, वरून सैन्य आलं होतं, आणि एका पहाटे डोंगरातल्या लपणीवर गोळ्या चालल्या होत्या. रुस्ली तिथून परत आला नाही.

चष्मा सारखा करून त्यांनी कापल्या जागेच्या आधीची ओळ वाचली.

"त्या पहाटे डोंगरातली वाट सैन्याला ज्याने दाखवली, तो याच गावचा होता. त्याचे नाव"

पान तिथं संपत होतं. पुढचं नव्हतं.

करवंटी इबूंनी अलगद खाली ठेवली. ते नाव त्यांना माहीत होतं.

३

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांनाच माहीत होतं. परक्यासमोर कुणी ते उच्चारत नसे, आपसांतही चुलीजवळ, दबक्या आवाजात. जामारिस. कुणी म्हणे त्यानं तांदळाच्या पोत्यासाठी माणसं विकली, कुणी म्हणे सोन्यासाठी. जामारिस दोन-तीन वर्षांत खंगून मेला. मागे राहिला त्याचा धाकटा मुलगा, बख्तार. बंडानंतर शाळा उघडली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि तो ज्या बाकावर बसे त्या बाकावरून बाकीची मुलं उठून जात. इबूंनी तेव्हा त्याला उचलून पहिल्या बाकावर, स्वतःच्या टेबलासमोर बसवलं होतं. एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या. तोही बोलला नव्हता.

तो बख्तार आता ह्याच शाळेत इतिहास शिकवत होता.

तो घरामागच्या तळ्यापाशी माशांना कोंडा टाकताना सापडला. इबूंना पाहून त्यानं घाईघाईनं हात लुंगीला पुसले.

"बैठक दुपारी आहे ना, इबू?"

"आहे. तू पुस्तक पाहिलंस?"

"पाहिलं. सकाळी."

"बख्तार, ते पुस्तक सुचवलं कुणी?"

"मीच."

"दुसरं गुळगुळीत पुस्तक होतं. त्यात बंडाच्या दोनच ओळी आहेत. ते का नाही सुचवलंस?"

तळ्यात मासे कोंड्यासाठी एकमेकांवर चढत होते.

"इबू, ज्यानं नेलं त्याला ते परत आणू दे. तुम्ही शोधू नका."

"म्हणजे तुला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक नाही. पण ज्यानं कुणी केलं, त्यानं वाईट मनानं केलं नसणार. एवढंच सांगतो. आणखी विचारू नका, तुमच्या पाया पडतो."

परतताना वाटेत झुल्हेल्मी भेटला. सायकल ढकलत तो कुजबुजला, "इबू, स्याहरियाल साहेब म्हणताहेत, पाक बख्तारनीच कापलं. धड्यात काहीतरी त्यांच्या घराण्याचं होतं, असं बाजारात कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय. बैठकीत त्यांचा राजीनामा मागणार. सगळ्यांसमोर!"

४

इबू ग्रंथालयात एकट्याच बसल्या. मग उठून त्यांनी गणिताचं पुस्तक हातात घेतलं, कण्यावर उभं केलं आणि सोडून दिलं. पुस्तक आपोआप उघडलं, ते बरोबर कापल्या जागी. साहित्याचं पुस्तक तसंच उभं करून सोडलं. ते चहाच्या मळ्यातल्या मुलीच्या गोष्टीत उघडलं. पुन्हा सोडलं. पुन्हा गोष्टच.

शेवटी इतिहास. तेही कापल्या जागी उघडलं. दोनदा, तीनदा. हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

त्यांनी दारातून हाक मारली, "रोस, जरा ये ग. दार लोटून घे."

रोस्निदा आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुला गंमत दाखवते," इबू म्हणाल्या. "नवं पुस्तक जिथं जास्त वाचलं जातं, तिथं ते आपण होऊन उघडतं. झुल्हेल्मीनं त्रिकोणाचं पान वाचून-वाचून पुस्तकाला सवय लावली. कापणाऱ्यानं पुस्तक उघडलं, जे पान समोर आलं तेच कापलं. त्या पानात काय आहे, त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. म्हणजे तो झुल्हेल्मी नाही. तो आपलं काळीज कापायचा नाही."

इबूंनी दुसरं पुस्तक पुढे ओढलं.

"साहित्याचं पुस्तक गोष्टीत उघडतं. पण गोष्टीला हात लागलेला नाही. कापणाऱ्यानं पुढची पानं उलटली, आणि ज्यानं कुणाचं नुकसान होणार नाही असं पान निवडलं. प्रश्न आणि म्हैस. स्याहरियाल साहेबांनी ही काळजी घेतली असती? त्यांना पुस्तक पाडायचं असतं तर त्यांनी गोष्टच कापली असती. आणि त्यांना बिचाऱ्यांना गोष्ट कुठली, म्हैस कुठली, सगळं सारखंच."

"पाक बख्तार..." रोस्निदाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"बख्तारला ब्लेडची गरजच नव्हती. इतिहासाचं पुस्तक निवडणं त्याच्या हातात होतं. 'हे नको' म्हटलं असतं की संपलं. मग राहिलं कोण? गोष्टीवर ब्लेड चालवायला जिचा हात धजला नाही ती. एक पान लपवायला तिनं तीन कापली, म्हणजे कुणी त्या एकाकडे बोट दाखवू नये."

रोस्निदा खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. इबूंनी तिला रडू दिलं.

"माझे वडील परदेशी कमवायला गेले ते परत आलेच नाहीत," ती थोड्या वेळानं म्हणाली. "आईनं शाळा सोडायला लावली तर पाक बख्तार रोज सकाळी दारात येऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते उभे. शेवटी आई म्हणाली, जा बाई, नाहीतर ह्या माणसाला मुळं फुटतील." रडता-रडता ती हसली. "काल संध्याकाळी मी पुस्तक चाळत होते. ते नाव दिसलं. माझ्या आईनं सांगितलेलं नाव. इबू, ते पुस्तक वर्गात मोठ्यानं वाचायचंय! पाक बख्तारनी! आणि समोर मुतिया बसणार, त्यांची नात. ते एक ओळ गाळणारे नाहीत, तुम्हाला माहीत आहे. स्वतःच्या बापाचं नाव ते स्वतःच्या तोंडानं, नातीसमोर... मला राहवलं नाही."

"पानं कुठायत?"

तिनं पिशवीतून एक स्वच्छ रुमाल काढला. तिन्ही पानं त्यात घडी न घालता ठेवली होती. "जाळावीत असं ठरवलं होतं. पुस्तकाचं पान, इबू. जाळवेना."

"मागची बाजू वाचलीस?"

"कशाची?"

"इतिहासाच्या पानाची."

"नाही. नाव दिसलं, आणि मी लगेच कापलं."

"तू एकदाच वाचलंस. मग हे पुस्तक त्या जागी उघडतं कसं?" इबू म्हणाल्या. "हे पान कुणीतरी पुन्हा-पुन्हा वाचलंय."

दारावर टकटक झाली. दार ढकलून बख्तार आत आला.

५

"मी वाचलंय," तो म्हणाला. बाहेरून त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. रोस्निदा ताडकन उठली, पण त्यानं तिला हातानं बसवलं. "घाबरू नकोस, पोरी. सकाळी ते पान नाही असं पाहिलं, तेव्हाच मला तुझी आठवण झाली. असा वेडेपणा दुसरं कोण करणार?"

"पाक, मला माफ करा..."

"इबू, मी हे पुस्तक निवडलं ते त्याच पानासाठी." त्यानं हात पुढे केला. इबूंनी पान त्याच्या हाती दिलं. नावाच्या बाजूकडे त्यानं पाहिलंही नाही. पान उलटं केलं आणि वर्गात वाचावं तसं, सावकाश वाचू लागला.

"आदल्या दिवशी सैन्याने जामारिसच्या धाकट्या मुलास चौकीत नेऊन बसवले होते. पहाटेपर्यंत वाट न दाखवल्यास मूल परत मिळणार नाही, असे त्यास सांगण्यात आले. ही हकिकत जामारिसने मरण्यापूर्वी त्या लपणीतून वाचलेल्या एका माणसाजवळ सांगितली. त्या माणसाने ती ऐकून घेतली आणि पुढे आयुष्यभर जामारिसची कबर साफ ठेवली."

खिडकीबाहेर कुणीतरी लवंगा वर-खाली करत होतं.

"तो धाकटा मुलगा मी," बख्तार म्हणाला. "मला चौकी आठवते. पण तिथं का नेलं होतं, ते बापानं कधी सांगितलं नाही. बावन्न वर्षांचा झालो तेव्हा ते मला एका पुस्तकातून कळलं. गावाला नाव माहीत आहे, इबू, चाळीस वर्षांपासून माहीत आहे. मागची बाजू नाही. पुस्तकात काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी तिथं तांदळाचं पोतं ठेवलं, सोनं ठेवलं. मुतियाला हे आज ना उद्या कुणीतरी चुलीपाशी सांगणारच. त्यापेक्षा तिनं ते वर्गात ऐकावं. दोन्ही बाजूंनी."

मग इबूंकडे न बघता तो म्हणाला, "पण त्या पहाटे तुमचा भाऊ होता तिथं. तुम्ही अध्यक्षा आहात. तुम्ही नको म्हणालात, तर मी हे पुस्तक आत्ता परत घेतो."

इबूंना एकदम रुस्लीचे हात दिसले, कोपरापर्यंत खळीनं माखलेले. इतकी वर्षं त्यांनी त्या पहाटेचा विचार केला होता तो एका बाजूनं, डोंगराच्या बाजूनं. चौकीत एक पोरगं बसलं होतं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. तेच पोरगं त्यांनी पुढं पहिल्या बाकावर बसवलं होतं, आणि तरी ते मनात आलं नव्हतं.

"रोस," त्या म्हणाल्या, "खळ कर. पातळ कर हो, पानं एकमेकांना चिकटता कामा नयेत."

६

बैठक लांबली. रोस्निदानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पानं मी कापली. स्याहरियाल साहेब तिला ताकीद देणार होते, मात्र तांबडे झाले होते ते बाजारातल्या गप्पांवर विश्वास ठेवल्याच्या शरमेनं, त्यामुळे ताकीद अर्ध्यावरच राहिली. "पण चिकटवलेलं पुस्तक! तपासनीस आला तर?" एवढंच ते पुटपुटले. झुल्हेल्मी म्हणाला, "तपासनिसाला माझा त्रिकोण दाखवा, साहेब. तो बाकी सगळं विसरेल." पादांगची तिन्ही पुस्तकं मंजूर झाली.

तो धडा वर्गात आला त्या दिवशी इबू मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बख्तारनं पान वाचलं. नाव आलं तेव्हा त्याचा आवाज किंचितही हलला नाही. वर्गातल्या काही माना मुतियाकडे वळल्या. पान उलटून त्यानं मागची बाजू वाचली, आणि पुस्तक मिटून म्हणाला, "तो मुलगा मी होतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

कुणी हात वर केला नाही. मग मुतियानंच केला.

"आतुक," ती म्हणाली. वर्गात आजोबांना सर म्हणायचं असतं, ते ती विसरली. "तुम्ही तिथं रडलात?"

"नाही." बख्तारनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "मला भूक लागली होती. त्यांनी गरम भात दिला. मी पोटभर जेवलो, आणि झोपलो. सकाळी बाप न्यायला आला तेव्हा त्यानं मला उचलून घेतलं. मी चांगला मोठा होतो, लाजलो. पण त्यानं घरापर्यंत खाली ठेवलं नाही."

मुतिया बाकावरून उठली आणि फळ्याजवळ जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. हे काही शाळेच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यानं तिला परत पाठवलं नाही.

तास संपला, मुलं गेली. इबू सावकाश पुढे आल्या.

"बख्तार, घरी चल. जेवायला."

तो गोंधळला. गावात तो सगळ्यांच्या घरी जेवला होता, लग्नात, बारशात, मयतीत. त्या एका घरी कधी नाही. इबूंनी बोलावलं नव्हतं आणि त्याची जायची छाती झाली नव्हती.

"आज? इबू, मी... घरी सांगितलं नाही."

"मुतिया सांगेल. चल."

इबूंच्या घरात पुढच्या खोलीत एकच फोटो होता. पांढरा सदरा घातलेला तरुण मास्तर, हातात पुस्तकांचा गठ्ठा, हसू दाबत उभा. बख्तार उंबऱ्याशीच थबकला. चपला काढल्या, पण पाय पुढे पडेना.

इबूंनी त्याचा हात धरला, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा हात, जसा पोराचा धरावा तसा, आणि त्याला फोटोसमोर आणून उभं केलं.

"रुस्ली," त्या म्हणाल्या, "हा बख्तार. माझा विद्यार्थी. इतिहास चांगला शिकवतो."

मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बस आता. भात निवतोय."